बाई गप्प राहिल्या

बायका कुणाकुणावर जळतात? जावेवर जळतात, शेजारणीच्या नव्या फ्रीजवर जळतात, शाळेतल्या मैत्रिणीचा पोरगा परदेशी गेला तर त्याच्यावरही जळतात. ते सगळं आपण ऐकलेलं आहे, बघितलेलं आहे. पण शिवाजी पेठेतली चंदना मगदूम जळायची ती सख्ख्या नवऱ्यावर. आणि लगेच कान टवकारू नका, मध्ये दुसरी कुणी बाई नव्हती. नवरा साधा, सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. तरी त्याला बघितलं की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता बोला.

चंदना योग शिकवते. तालमीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल आहे, तिथं. खाली पोरं जोर-बैठका मारतात, लाल मातीचा वास जिन्यातनं वर येतो, आणि वर बायका सतरंजीवर पाय पसरून बसतात. हा वर्ग तिनं एकटीनं उभा केला. सुरुवातीला पेठेतली माणसं हसायची की तालमीवर बायका काय करणार, कुस्ती खेळणार व्हय? चंदनानं तोंडाला तोंड दिलं नाही. दारोदार जाऊन तिनं कंबरदुखीवाल्या, गुडघेदुखीवाल्या, झोप न येणाऱ्या बायका गोळा केल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांना जिना चढायला लावलं.

तिचं स्वतःचं अंग योगासाठी घडलेलं नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. जाड हाडाची, आखूड हातांची बाई. पाय पसरून कपाळ गुडघ्याला टेकवायचं म्हणजे तिला वर्षं लागली. रोज पहाटे उठायचं, गरम पाणी प्यायचं, गच्चीवर जायचं आणि त्या आडमुठ्या अंगाशी भांडायचं. एकेक आसन तिनं असं भांडून मिळवलेलं. म्हणून तिला दुसऱ्याच्या अंगात कुठं काय अडतं ते बरोबर कळायचं. वर्गात ती पुढं उभी राहून करून दाखवायची नाही. बायकांमधनं फिरायची आणि बोलत राहायची. ‘मान.’ ‘गुडघा वाकलाय.’ ‘श्वास सोडा की, कुणासाठी धरून ठेवलाय?’ हातानं खांदा दाबायची, टाच सरळ करायची, पुढं जायची.

वर्गातली सगळ्यात जुनी शिष्या म्हणजे झुंबरबाई. सत्तरी ओलांडलेली, जन्मभर म्हशींच्या धारा काढलेली, तोंडानं फटकळ. नवी बाई आली की झुंबरबाई तिला आधी वर्गाचा कायदा सांगायच्या. बाई बोलत्यात म्हंजे तुझं कायतरी चुकतंय. बाई गप्प ऱ्हायल्या की समजायचं, आसन जमलं. आणि तसंच होतं ते. चंदनाच्या तोंडून शाबासकी कधी यायची नाही. ती बाजूनं गप्प निघून गेली, हीच शाबासकी.

दुपारी तिचं दुसरं काम चालायचं. वर्गातल्या बायकांकडून ती जुन्या साड्या मागून घ्यायची आणि त्यांची बसकरं शिवायची. वाकळेसारखीच, पण एका माणसापुरती. आईची साडी, सासूचं लुगडं, ज्या बाईनं जे आणलं त्याचं बसकर त्याच बाईला. नऊवारीच्या काठांचे ती पट्टे करायची. ज्यांचा हात पायाच्या अंगठ्याला पोहोचत नाही त्यांनी तो पट्टा तळपायात अडकवून ओढायचा. उरलेल्या चिंध्यांच्या चिमुकल्या पिशव्या करून त्यात जवस भरायची. शवासनात डोळ्यांवर ठेवायला. बाजारातल्या रबरी चटया तिला आवडायच्या नाहीत. एका खोलीत सुई-दोरा, काठांचे ढीग, जवसाचा डबा. ती खोली म्हणजे तिचं राज्य होतं.

तर या राज्यात धनपालअण्णा शिरले.

अण्णा म्हणजे तिचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कास्टिंग तपासायला होते. ओतीव भाग आला की गेज लावायचा, केसभर फरक असला तरी बाजूला काढायचा. आयुष्य असं फरक शोधण्यात गेलं आणि मग एक दिवस हार, श्रीफळ, भाषणं होऊन ते घरी बसले. घरी बसलेला पुरुष काय करतो? स्वयंपाकघरात येतो. अण्णांनी डबे उंचीनुसार लावले. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. भाकरी एका बाजूला जाड होतीय हे तिला नम्रपणे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात चंदना म्हणाली, चला माझ्याबरोबर वर्गाला, घरात बसून गंज चढेल. म्हणजे तिनंच नेलं हो त्यांना. हे ती नंतर स्वतःलाच किती वेळा ऐकवायची काय सांगायचं.

अण्णा शेवटच्या रांगेत बसले. पहिल्याच आठवड्यात पाय पसरून वाकले आणि त्यांचं कपाळ अलगद गुडघ्यांवर टेकलं. ओढ नाही, ताण नाही, चेहऱ्यावर घाम नाही. टेकवून ते तसेच बसून राहिले आणि त्यांनी तसंच वाकून विचारलं, ‘असंच नव्हं?’ चंदना बाजूनं गप्प निघून गेली. आसन बरोबरच होतं, काय बोलणार? पण तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी तिनं गच्चीवर वर्षं घातली ते या माणसाला फुकटात मिळालं होतं, आणि त्याला त्याची कल्पनासुद्धा नव्हती.

पुढं मग काय, उधाणच आलं. अण्णा मिश्कील, अण्णा उत्साही. बायकांना करून दाखवणारा माणूस हवा असतोच. चंदना नुसती बोलते, अण्णा करून दाखवतात. हळूहळू माना तिकडं वळायला लागल्या. प्रियदर्शनी म्हणून बँकेतली एक तरणी पोरगी वर्गाला यायची. तिनं मोबाईलवर अण्णांचा व्हिडिओ काढला आणि सगळीकडं टाकला. पांढरी बंडी, पांढऱ्या मिशा, दोन्ही पाय आभाळाकडं ताठ. पेठेतल्या ग्रुपवर नाद खुळा, नाद खुळा म्हणून नुसता पाऊस. दुसऱ्या दिवशी दूधवाला चंदनाला म्हणाला, वहिनी, अण्णांच्या वर्गाला आमच्या मंडळीला पाठवू का? अण्णांच्या वर्गाला! महिनाभरात बायका अण्णांना ‘सर’ म्हणायला लागल्या. चंदना होती ती ‘बाई’च राहिली.

आणि शिवण? तिथंही सुटका नाही. दुपारी तिच्याजवळ बसून ते सुईत दोरा ओवून द्यायचे. मग म्हणाले, एक ओळ घालून बघू का? घातली. पट्टी ठेवून मारल्यासारखी. एकसारखा टाका, एकसारखं अंतर. जन्मभर केसभर फरक शोधलेला डोळा तो. झुंबरबाईंनी ते बसकर उलटंपालटं करून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या की बाईंच्या हातापेक्षा सरांचा हात साफ हाय. झुंबरबाई तशा खोटं बोलत नसत, हेच तर वाईट. त्या दुपारी अण्णा बाजारात गेल्यावर चंदनानं त्यांनी घातलेल्या दोन ओळी उसवल्या. ते आल्यावर म्हणाली, फार घट्ट होत्या, कापड ओढत होतं. अण्णांनी मान डोलावली, पुन्हा घातल्या, या वेळी सैल. या वेळी आणखी छान आल्या.

तिला स्वतःचीच लाज वाटायची. जैन मंदिरात हात जोडताना ती मनाशी म्हणायची, काय हे, कुणावर जळतेस तू? जो माणूस आयुष्यात तुला कधी वाकडा शब्द बोलला नाही त्याच्यावर? पण पायऱ्या उतरेपर्यंत कुणीतरी विचारायचंच, सर न्हाई आले का? की झालं पुन्हा सुरू.

हे सगळं तिनं गिळलंही असतं. पण गडमुडशिंगीचं प्रकरण आलं, आणि तिथं तिचं बिनसलं ते बिनसलंच.

गडमुडशिंगी तिचं माहेर. तिथल्या बायकांना शिकवायचं हे तिचं किती वर्षांचं मनात. एकदा तिनं प्रयत्न केलेला. देवळाच्या मंडपात सतरंज्या टाकल्या, घरोघर सांगून आली. चार दिवस बायका आल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, आम्ही शेतात वाकतोच की दिवसभर, आनि कशाला वाकायचं? पाचव्या दिवशी मंडपात ती आणि एक कुत्रं. तेव्हापासून माहेरी गेली की ती योगाचा विषय काढत नसे. पण आपल्या गावानं आपल्याला कधीतरी बोलवावं, पुढं उभं करावं, ही आस काही गेली नव्हती.

आणि एका संध्याकाळी विठाबाई आली. विठाबाई तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता गावातल्या महिला मंडळाची पुढारीण. येताना गुळाची ढेप घेऊन आली. पाणी झालं, चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. मग विठाबाईनं सांगितलं की मंडळाला योगाचा वर्ग सुरू करायचाय, मंडप बघून ठेवलाय, बायका तयार हायत. चंदना पदर सावरून सरळ बसली.

‘तर चंदे,’ विठाबाई म्हणाली, ‘आठवड्यातनं दोनदा दाजींना धाडशील काय? मोबाईलवर बघून समद्या बायका यड्या झाल्यात. म्हटलं, आपल्या गावचा जावई हाय, आपला हक्कच हाय की.’

चंदना हसली. धाडते की, म्हणाली. आणि चहाच्या कपबशा उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर अण्णा आढेवेढे घेत होते, मला काय येतंय, सगळं हिचंच शिकवलेलं, म्हणत होते. पण आवाजात खुशी होतीच. विठाबाई गेल्यावर ते आत आले आणि म्हणाले, ‘अगं, तूपण चल की माझ्यासंगं.’

तूपण. तिच्या माहेरात, तिच्या वर्गाला, तूपण. त्या एका शब्दानं तिला रात्रभर झोप लागू दिली नाही. शेजारी अण्णा शांत घोरत होते.

गडमुडशिंगीला जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचा वर्ग. सगळ्याजणी सर्वांगासनात. खांद्यांवर अंग तोललेलं, हात पाठीला, पाय वर. या आसनात एक गोष्ट कधीही करायची नाही, ती म्हणजे मान वळवायची नाही. सगळं वजन तिथंच असतं. चंदनाच्या तोंडून वर्गात सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द हाच, ‘मान.’ अण्णा आता पहिल्या रांगेत आले होते. पाय ताठ. प्रियदर्शनीनं बाजूनं विचारलं, सर, गडमुडशिंगीला ही बंडीच घालणार की नवा टी-शर्ट घेणार? अण्णांना विनोद सुचला. विनोद सुचला की त्यांना दम निघत नसे. पाय वर तसेच ठेवून त्यांनी मान तिच्याकडं वळवली आणि बोलायला लागले.

चंदना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं बघितलं. ‘मान’ हा शब्द जिभेवर आला, तोंड उघडलं, आणि तिनं ते मिटलं.

काय होतं तिच्या मनात त्या क्षणी? फार काही नव्हतं. एवढंच की थोडी लचकू दे. थोडं कळू दे की हे अंग वर करून दाखवण्याचं सोंग नाही, याला अभ्यास लागतो. बस्स. काही वाईट व्हावं असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती पाठ फिरवून दुसऱ्या रांगेकडं गेली आणि एका बाईची टाच सरळ करायला लागली. टाच सरळच होती.

मग अण्णांचा आवाज आला. ओरडले नाहीत, नुसता श्वास अडकल्यासारखा. पाय एका बाजूला कोसळले. धावत गेली तर ते कुशीवर पडले होते आणि त्यांना मान फिरवता येत नव्हती. उजव्या हाताला मुंग्या आल्यात म्हणाले. तालमीतल्या पोरांनी उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. वाटेत चंदनानं त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, आणि तिच्या तोंडातनं णमोकार मंत्रही धड निघत नव्हता.

डॉक्टरांनी फोटो काढले. थोडक्यात निभावलं, म्हणाले. स्नायूवर गेलं, नस वाचली. मानेला पट्टा, पडून विश्रांती. या वयात हे उद्योग कशाला, असंही म्हणाले. चंदना मान खाली घालून उभी राहिली.

आता तुम्हाला वाटेल, तिचा मत्सर तिथंच विरघळला. छे! मत्सर असा सुटत नाही. घरी बायकांची रीघ लागली. जैनाचं घर म्हणून दिवस मावळायच्या आत सगळ्या डबे घेऊन यायच्या. कुणी भडंग, कुणी लाडू, कुणी सायीचं दही. चंदनाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा बघायला कितीजणी आल्या होत्या हे तिला बरोबर आठवलं, आणि आठवल्याबद्दल तिनं स्वतःला शिव्या घातल्या. नवरा पट्टा बांधून पडलाय, आणि ही बया डबे मोजतीय.

विठाबाईचा फोन आला. दाजींचं ऐकून लई वाईट वाटलं, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, आता ठरलंय खरं, तर तूच ये की. चंदनाला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं फोन ठेवला आणि जेवायला बसली, तर घास तोंडात फिरत राहिला.

त्या दिवशी दुपारी वर्गातल्या पाच-सहा जणी आल्या होत्या. अण्णा उशीला टेकून बसलेले. ती आत चहा गाळत होती. बाहेर प्रियदर्शनी रडवेली होऊन म्हणत होती की माझ्यामुळंच झालं, मीच सरांशी बोलले. अण्णा तिला समजावत होते. त्यांचा आवाज आत स्पष्ट ऐकू येत होता.

‘तुझं काय चुकलं न्हाई पोरी. माझंबी न्हाई. मान वळली तवा मी बाईंकडं डोळ्यानं बघितलं हुतं. बाई माझ्याकडंच बघत हुत्या, आनि कायच बोलल्या न्हाईत. म्हंजे बरोबरच असणार. मानच म्हातारी झालीया, दुसरं काय!’

चंदनाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. त्यांनी बघितलं होतं तर. बघून, तिच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून, मान तशीच ठेवली होती. या एवढ्या महिन्यांत सगळी दुनिया त्यांना सर म्हणत असताना तो माणूस पाय वर करून तिच्याच तोंडाकडं बघत होता. आणि ती कशावर जळत बसली होती?

तिनं कपबशा तिथंच ठेवल्या. बाहेर आली, दारात उभी राहिली. तिला माहीत होतं की बायका जाईपर्यंत थांबलं तर ती कधीच बोलणार नाही.

‘चुकलं होतं,’ ती म्हणाली. ‘मान वळली होती, मला दिसलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही.’

कुणाला काही कळेना. अण्णांना तिच्याकडं मान वळवता येत नव्हती; त्यांनी पट्ट्यासकट सगळं अंग फिरवलं.

‘का गं?’ त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. कास्टिंगमध्ये फरक का आला असं विचारावं तसं.

‘जळत होते मी तुमच्यावर,’ चंदना म्हणाली.

प्रियदर्शनी जमिनीकडं बघत राहिली. पहिल्यांदा झुंबरबाई उठल्या. चिडतील, काहीतरी खरमरीत बोलतील असं चंदनाला वाटलं, आणि तसं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण झुंबरबाईंनी नुसता डबा उचलला, बाकीच्यांना खूण केली, आणि चहा न घेताच सगळ्याजणी जिना उतरून गेल्या.

अण्णांनी त्या दिवशी तो विषय काढला नाही. सूर्य मावळायच्या आत जेवले. पट्टा सैल झालाय, म्हणाले. तिनं आवळून दिला. तेवढंच. पुढच्या दिवसांतही भांडण नाही, टोमणा नाही, अबोला नाही. हिंडूफिरू लागल्यावर नेहमीसारखे डबे उंचीनुसार लावत राहिले. ती मात्र वाट बघायची की हा माणूस एकदा तरी ओरडेल. ते ओरडले नाहीत.

वर्ग चालू राहिला. काहीजणी यायच्या बंद झाल्या, बऱ्याचजणी आल्या. झुंबरबाई आल्या, आपल्या जागेवर बसल्या, आणि नव्या बायकांना कायदा सांगणं मात्र त्यांनी सोडून दिलं.

पट्टा निघाल्यावर गडमुडशिंगीचा दिवस नव्यानं ठरला. चंदनानं अण्णांना विनवून बघितलं, तुम्ही शिकवा, मी मागं बसते. अण्णा म्हणाले, मला कुठं येतंय, वर्ग तुझा हाय. हे ते आधीही म्हणायचे. आता म्हणाले तेव्हा आवाजात खुशी नव्हती.

रिक्षात बसकरांचे गठ्ठे, मध्ये झुंबरबाई. त्यांना गाव बघायचं होतं. मंडप बायकांनी गच्च भरलेला. विठाबाईनं जावयाला पुढं बसवायची खटपट केली, पण अण्णा बायकांमध्येच एका कडेला, झुंबरबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. आणि सांगितलं की आमच्या वर्गाच्या बाई या हायत. सगळ्यांच्या माना चंदनाकडं वळल्या. तिच्या माहेरच्या, तिच्या भावजया, तिच्या शाळेतल्या, सगळ्या. इतकी वर्षं जे हवं होतं ते तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं.

तिनं सोप्यापासून सुरुवात केली. पाठ सरळ, खांदे सैल, डोळे समोर. आता मान हळू उजवीकडं.

सगळ्या मंडपानं मान वळवली. अण्णांनी वळवली नाही. ते समोर तिच्याकडं बघत राहिले.

‘बरोबर हाय?’ त्यांनी विचारलं.

‘बरोबर आहे,’ चंदना म्हणाली. ‘वळवा हळू. काही होत नाही.’

अण्णा थांबले. मग मान न हलवता, नुसते डोळे फिरवून त्यांनी शेजारच्या झुंबरबाईंना हळूच विचारलं, ‘बरोबर हाय?’

झुंबरबाईंनी चंदनाकडं एकदा बघितलं आणि व्हय म्हणाल्या. मग अण्णांनी मान उजवीकडं वळवली. चंदनानं मनातल्या मनात श्वास मोजले, आवाज सावरला, आणि सगळ्यांना सांगितलं, आता डावीकडं.